दंडावरचा हिरवा ठिपका

"दुखणं घालवायला औषध असतं, ते मला पटतंय. पण माणसाची आठवण येणं हे काय दुखणं हाय होय गं?"

आत्ती असं म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मिरजेकडच्या घरांत सासूला आत्तीच म्हणतात. आम्ही दोघी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो, पर्णी अजून पोटात होती, आणि टीव्हीवर स्वाधीन कायद्याची चर्चा चालू होती. सज्ञान माणसानं स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या रक्तात काय मिसळायचं हे त्याचं तो ठरवेल, त्यासाठी त्याला बेड्या पडणार नाहीत, एवढंच त्या कायद्यात होतं.

"आत्ती, आठवण म्हणजेसुद्धा मेंदूतलं रसायनच," मी म्हणाले. बी.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र घेतलं की असं बोलायची खोड लागते.

"आसंल. मग भूक पण रसायनच की. ती घालवली तर माणूस जेवंल का?"

"ते वेगळं."

"कसं?"

मी सुपातली टरफलं फुंकली आणि आवाज वाढवला टीव्हीचा.

मी कायद्याच्या बाजूची होते. आजही आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला भलत्याच रांगेत उभं कराल. माझ्या वर्गमैत्रिणीचा भाऊ प्रीतम. त्याच्या खिशात गांजाची पुडी सापडली. चित्रं काढायचा, आईला भाजी आणून द्यायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुरुंगातून परत आला तो कुणी मागून चालत आलं तरी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. गांजानं त्याचं काय बिघडलं असतं मला माहीत नाही. तुरुंगानं काय बिघडवलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यात 'निवांत' आली आणि विरोधकांच्या हातातलं शेवटचं कोलीतही विझलं.

निवांतची गोष्ट कोंबडीच्या पिल्लांपासून सुरू होते. पिल्लू कोंबडीपासून दूर ठेवलं की चिवचिवाट करून घर डोक्यावर घेतं. पोट भरलेलं असलं, ऊब असली, तरी. तो नुसता एकटं पडल्याचा आवाज असतो. त्याला अफूच्या जातीचं औषध अगदी कणभर दिलं, गुंगीसुद्धा येणार नाही इतकं कमी, तर तो आवाज थांबतो. म्हणजे चटका बसल्याची कळ आणि आपलं माणूस दूर गेल्याची कळ, मेंदूत या दोन्हींचं घर शेजारी शेजारी आहे. अफूचा घोटाळा असा की ती एका घराचा दिवा घालवायला जाते आणि सगळ्या गल्लीची वीज तोडते, शेवटी श्वाससुद्धा बंद पाडते. निवांतमधला रेणू फक्त दुसऱ्या घरात जातो. एकटेपणाची कळ बंद करतो आणि बाहेर येतो. बाकी माणूस शुद्धीवर, कामाला तरतरीत, झोप गाढ.

रुपयाएवढी पट्टी दंडावर चिकटवायची. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया असतात, त्या कातडीखालच्या ओलाव्यातून औषधाची मात्रा मोजत राहतात. जास्त होतंय असं वाटलं की पट्टी आपली आपण बंद होते. मात्रा ठीक असेल तर मधोमध हिरवा ठिपका. काही बिघडलं तर लाल, आणि जवळच्या दवाखान्याला आपोआप निरोप. कुणी निवांतनं मेलं नाही. तलफेपायी कुणी घरातलं डबडं विकलं नाही. पट्टी काढली की दिवसभरात असर उतरतो. मग बंदी कशासाठी ठेवायची? कायदा मंजूर झाला तेव्हा मी पेढे आणले. आत्तींनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोड हाय."

*

अभिनंदन, माझा नवरा, तेव्हा ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायचा. दोर लावून वर जायचं, ढगात डोकं घालून काम करायचं, संध्याकाळी उतरायचं. उतरला की घरी फोनची एक रिंग द्यायचा. ती उचलायची नाही. नवी नवरी असताना मी एकदा हौसेनं उचलली तर म्हणाला, "उतरलो हे कळलं न्हवं? मग आता काय भाषण करू?"

पण त्या रिंगेवर आमचं घर चालायचं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. आत्ती तर मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत. आणि पोरगं हवेत लटकतंय म्हटल्यावर त्यांना घास जात नाही. त्यामुळं रिंग वाजली की ताट वाढायचं. रिंगेला उशीर झाला आणि सूर्य गेला, तर आत्ती सरळ पडवीत जाऊन माळ घेऊन बसायच्या, उपाशी. त्यांची समजूत घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

पुढं पठारावरच्या जुन्या चक्क्या उतरवल्या आणि काम समुद्रात गेलं. गुजरातच्या किनाऱ्यावर वाघबेट म्हणून बंदर आहे. तिथून बोटीनं आत जायचं, पाण्यात उभ्या असलेल्या चक्क्यांवर चढायचं, संध्याकाळी परत बंदरावर. राहायला कंपनीची इमारत. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारामागं एक माणूस.

सुरुवातीला रिंग व्हायचीच, शिवाय नंतर फोनही यायचा. "त्रिशू, फोन तसाच चालू ठेव. बोलू नको काही. कुकर लाव, पर्णीला आंघोळ घाल, मला नुसते आवाज येऊ देत."

मी फोन फळीवर ठेवायची. कुकरच्या शिट्ट्या, बादलीत पाणी, पर्णीचं किंचाळणं, आत्तींचं "अगं डोळ्यात साबण गेला बघ." तासभर तो पलीकडं गप्प असायचा. मध्येच नाक ओढल्याचा आवाज यायचा.

एके दिवशी म्हणाला, "मी निवांत लावलीया. इथं सगळेच लावत्यात."

मला खरंच बरं वाटलं. नाक ओढल्याचा तो आवाज मला सहन होत नव्हता.

मग फोन आखूड होत गेले. जेवलास का, जेवलो. पर्णी रांगती का, रांगते. ठेवू? ठेव. चालू ठेव असं तो परत कधी म्हणाला नाही.

*

रजेवर आला तेव्हा आत्तींनी पुरणपोळी केली. तो दोन खाऊन "छान झालीया" म्हणाला, आणि स्वतःचं ताट स्वतः विसळून पालथं घातलं. पर्णीशी छान खेळला. पाहुणा यजमानाच्या मुलाशी खेळतो ना, हौसेनं आणि जरा अदबीनं, तसा. ती झोपली तर हाक मारून उठवलं नाही. पूर्वीचा अभी झोपलेल्या मुलीचे गाल ओढून तिला उठवायचा आणि आत्तींच्या शिव्या खायचा.

"लई गुणी झालाय गं," आत्ती मला हळूच म्हणाल्या. "भ्या वाटतंय मला."

परत जायच्या दिवशी पूर्वी तो रिक्षापर्यंत जाऊन तीनदा माघारी यायचा. चार्जर विसरला, रुमाल विसरला, शेवटी काही न सुचून नुसतं पाणी प्यायला. या वेळी सरळ गेला. जाताना माझ्या हातात एक पाकीट दिलं.

"तू पण लाव. एकटी पडतीस, मला कळतं."

"खरंच कळतं?"

त्यानं जरा विचार केला. खोटं बोलायचा स्वभाव नाही त्याचा. "म्हणजे, माहीत हाय," तो म्हणाला.

ते पाकीट कपाटात पडून होतं. मग एका दुपारी मी पट्टी लावली. कारण मोठं काही नव्हतं. त्याच्या शर्टाची बाही इस्त्री करताना रडू आलं, आणि स्वतःचाच वैताग आला.

छातीत कुणीतरी मूठ आवळून धरली होती ती सुटली. इतकं सोपं होतं हे! खिडकीत ऊन होतं, वाळलेले कपडे कॉटवर पडले होते. मी घड्या घालायला बसले. पाळण्यात पर्णी रडायला लागली. मला ऐकू येत होतं. हे भुकेचं रडणं आहे हेही कळत होतं. मी टॉवेलची घडी घातली. मग उशीच्या अभ्र्याची. घड्या फार सुरेख होत होत्या, काठाला काठ. रडणं चढत गेलं, मग घोगरं झालं. हिला घ्यायला हवं, असा स्वच्छ विचार माझ्या मनात होता. एवढे पाच-सहा कपडे राहिले होते, ते झाले की.

आत्ती शेजारून धावत आल्या. "अगं, पोरगी काळीनिळी झालीया! बहिरी झालीस काय?"

"ऐकतीय की आत्ती," मी म्हणाले. "एवढं झालं की घेते."

त्यांनी पर्णीला छातीशी धरलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. मला आतून तसं वाटत मात्र नव्हतं. मी दंडावरची पट्टी ओढून काढली. असर उतरायला संध्याकाळ झाली, आणि तेव्हा ते रडणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. पर्णी शांत झोपलेली असताना.

आई मुलाकडं मायेनं धावते असं आपण म्हणतो. आधी तिला चटका बसतो, म्हणून ती धावते. माया मग तिथं पोचल्यावर वाढते. चटकाच बसला नाही तर पोचायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मी अभीला फोन केला. "काढ ती पट्टी."

"का गं?"

"आम्हाला तू हवास."

"मी हाय की. फोन करतो, रजेला येतो. दारू न्हाई, ओरडणं न्हाई. चुकतंय काय माझं?"

"तुला आमची आठवण येत नाही."

"येते. त्रास होत न्हाई. मला त्रास व्हावा अशी तुझी इच्छा हाय काय?"

हो, असं म्हणायचं होतं. पण नवऱ्याला दुखावं अशी इच्छा आहे, हे वाक्य तोंडातून निघत नाही हो.

"त्रिशू, अंग कुणाचं?" तो मऊ आवाजात म्हणाला. टोमणा नव्हता तो. "कायद्याच्या वेळी प्रीतमचं नाव घेऊन तूच आईशी भांडत होतीस ना?"

*

श्रावणात समुद्रात वादळ उठलं. बातम्यांत दाखवलं, सगळ्या चक्क्या बंद, एकही माणूस पाण्यात नाही, चार दिवस बोटी सुटणार नाहीत. त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी रिंग आली.

"उतरला बघ," आत्ती म्हणाल्या. "वाढ."

मी वाढलं. वाढताना हात थांबला. चढलाच नाही तर उतरला कुठून? वाटलं, आईनं उपाशी राहू नये म्हणून आठवणीनं देतोय. माझा चेहरा फुलला असणार, कारण आत्तींनी विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन परसात गेले आणि रिंग वाजल्याबरोबर उचलली.

पलीकडून पंख्याची घरघर आली. खिडकीवर वारा आपटत होता. आणि जरा लांब कुणीतरी गुणगुणत होतं. ताटलीत चमचा वाजला. तो जेवत होता, मजेत, आणि फोन लागलाय हे त्याला माहीतच नव्हतं.

"अभी," मी म्हणाले. मग ओरडून, "अभी!"

"आं? कोण? अगं, उचलला होय तू!" तो हसत जवळ आला. "ते मी लावून ठेवलंय, आपोआप जातंय. आईचं जेवण अडायला नको. तुमच्याकडच्या सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच्या वेळा घातल्यात फोनमध्ये. रोज एखादं मिनिट मागंपुढं होतं ना, तेसुद्धा बरोबर धरतंय."

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने."

"मग तू खरंच उतरलास का नाही, हे आम्हाला कसं कळायचं?"

"उतरणारच की. न्हाई उतरलो तर कंपनी कळवंल."

मी आत आले. आत्ती पानावर बसल्या होत्या. पहिला घास त्यांनी नेहमीसारखा कपाळाला लावला. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कायमच्या उपाशी राहिल्या असत्या. घरात आता मी एकटीच अशी होते जिला ठाऊक होतं की त्या रिंगेमागं कुणी नाही. त्यांच्या समोर बसून मी भाकरीचा तुकडा चावत राहिले.

*

परवा त्याला व्हिडिओ लावला. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"हे काय?"

"केबलनं कापलं. झाले थोडे दिवस."

"सोड बघू ते."

त्यानं आज्ञाधारकपणे सोडलं. तळवा फुगून चकचकीत झाला होता. मनगटापासून वर एक लाल रेघ निघाली होती, कोपर ओलांडून दंडापर्यंत. तिच्या टोकाच्या जरा वर पट्टी होती, आणि पट्टीवर हिरवा ठिपका.

"दुखत नाही?"

"दुखतंय की. लई दुखतंय. अंगात कणकण पण हाय."

"मग डॉक्टरला दाखवलंस?"

"न्हाई." त्याला स्वतःलाच जरा नवल वाटलं. "कुणाला दाखवावं असं सुचलंच न्हाई बघ."

लहान मूल पडलं की आधी मान वर करून बघतं, कुणी आहे का. असलं तर रडतं. दुखणं आपल्या अंगात असतं, पण ते कुणाला तरी दाखवावं ही ओढ त्याच दुसऱ्या घरातून येते, जिथला दिवा त्यानं घालवलाय. आणि पट्टी तिचं स्वतःचं औषध तेवढं मोजते. जखमेचं विष रक्तात गेलं तरी तिच्या हिशेबी सगळं ठीक.

"आत्ताच्या आत्ता ऊठ. दवाखान्यात जा."

"जातो गं. आधी जरा पडतो."

त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही.

कंपनीतल्या बाई म्हणाल्या, "ते सुट्टीवर आहेत मॅडम, आणि खोली खासगी आहे." पोलिसांच्या मदत क्रमांकावरच्या माणसानं शांतपणे माझं सगळं ऐकून घेतलं, पट्टीचा क्रमांक तपासला आणि म्हणाला, "मात्रा ठीक दिसते. हिरवी आहे. स्वाधीन कायद्यानं आम्हाला दार उघडता येत नाही."

"अहो, जखम आहे!"

"त्यांनी स्वतः तक्रार केलीय का?"

शेजारच्या खोलीत लोकेश तांडेल म्हणून मालवणचा मुलगा राहतो. त्याला फोन लावला. "वहिनी, तो मजेत आसा. आम्ही सगळेच मजेत आसंव."

"जरा दार वाजवून बघता?"

"बघतंय ना."

परत लावला तर म्हणाला, "अरे हां, ऱ्हवलांच." त्याच्या आवाजात कसलाही दुष्टपणा नव्हता. त्याला खरंच जायचं होतं. पायाला ओढ नव्हती, इतकंच. त्या लांब बोळातली सगळी दारं माझ्या डोळ्यांसमोर आली. प्रत्येकामागं एक सुखी माणूस.

पोलिसांनी ते दार तोडावं असं मला आत्तासुद्धा वाटत नाही. ज्या कलमानं मला अडवलंय ते प्रीतमला मिळालं असतं तर तो आज भिंतीला पाठ न लावता चालला असता. दार आतल्या माणसाचं, हे मला मान्य आहे. पण बाहेरून ते वाजवायला कुठल्या कायद्याची परवानगी लागत नाही, आणि वाजवणारं तिथं कुणी उरलेलं नाही.

मी निघालेय. आत्तींना सांगितलं, पर्णीला तिचा बाप दाखवून आणते. गाडी सुरतेच्या अलीकडं कुठंतरी उभी आहे, पुढं रुळांवर पाणी आहे म्हणतात. पर्णी मांडीवर झोपलीय. हे मी फोनवर लिहितेय आणि मिळेल त्या ठिकाणी टाकतेय. मराठी माणूस नाही असं गाव नसतं. वाघबेटला, आसपास, तुम्ही कुणी असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर कृपा करून एवढं करा.

बंदराच्या मागच्या अंगाला बर्फाचा कारखाना आहे, त्याला लागून कंपनीची पिवळी इमारत. दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडं, शेवटून दुसरं दार. नाव अभिनंदन मगदूम. तो उघडेल तेव्हा हसेल, आणि "बरा हाय" म्हणेल, आणि ते अगदी खरं वाटेल. त्याच्या तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. त्याला जाशील का असं विचारू नका. चल म्हणा आणि खांद्याला धरून दवाखान्यात न्या. तो येईल, अडवायचा नाही तुम्हाला.

आणि दार उघडलं नाही, तर झोपला असेल म्हणून माघारी फिरू नका. मी पोचेपर्यंत वाजवत राहा.